आपले प्रश्न, आमची उत्तरे : आइस हॉकीच्या गोलरक्षकाचे आयुष्य

प्रश्न : आमची मुलगी नववीत असून शाळेच्या हॉकी संघात गोलरक्षक आहे. नांदेडला दरवर्षी होणारे गुरु गोविंदसिंगजी सुवर्ण-रजत चषकाचे सामने पाहून तिला या खेळाची गोडी लागली. हिवाळी ऑलिम्पिकमधील आइस हॉकी पाहिल्यापासून ती तिथल्या गोलरक्षकांविषयीच बोलत असते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र “गोलकीपरला काय, नुसते उभे राहायचे” असे म्हणतात. या व्यावसायिक गोलरक्षकांचे आयुष्य प्रत्यक्षात कसे असते?
— एक पालक, नांदेड

उत्तर : घरातील मंडळींचा समज आदरपूर्वक, पण ठामपणे दूर करायला हवा. आइस हॉकीची जाळी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची आणि साधारण १६० ग्रॅम वजनाची टणक रबरी चकती असून, ती बर्फावर उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. मैदानाचे भाग पाडणाऱ्या निळ्या रेषेवरून ताशी १६० किलोमीटर वेगाने मारलेला पक अर्ध्या सेकंदाच्या आत जाळीपाशी पोहोचतो, आणि वाटेत दोन्ही संघांच्या खेळाडूंचे पाय आडवे येत असल्याने तो बरेचदा दिसतही नाही. तो पाहून मग हालचाल करावी, एवढा अवधीच नसतो. म्हणून जाणता गोलरक्षक मारणाऱ्याच्या स्टिकचे पाते कोणत्या बाजूला उघडले आहे, त्याचा खांदा कुठे वळतो आहे, हे आधीच हेरतो आणि दोन पावले पुढे सरकून त्याच्यासमोरची मोकळी जागा कमी करतो. सामना सुरू होण्यापूर्वी तो स्केटच्या धारेने जाळीपुढील बर्फ एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत खरवडून घेतो, कारण ताज्या गुळगुळीत बर्फावर बाजूला सरकताना पाय हवा तिथे थांबत नाही. पुढचा सामना पाहताना मुलीला हे आवर्जून पाहायला सांगावे. जागेवर पाय पक्का रोवणे तिच्याही खेळात तितकेच मोलाचे आहे.

आता कारकिर्दीविषयी. उत्तर अमेरिकेतील एनएचएल या सर्वोच्च साखळीत प्रत्येक संघ नियमित हंगामात ८२ सामने खेळत आला आहे, पण सामन्यासाठी गोलरक्षक दोनच सज्ज असतात आणि त्यांतला एकच बर्फावर उतरतो. क्रिकेटच्या संघात यष्टिरक्षकाची जशी एकच जागा, तसेच हे आहे. त्यामुळे अनेक गुणी गोलरक्षकांची उमेदीची वर्षे दुय्यम साखळ्यांत, बसच्या प्रवासात आणि बाकावर बसून जातात. हे काम पिकायला वेळ लागतो, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. स्वीडनचे हेन्रिक लुंडक्विस्ट यांची एनएचएलचे संघ दरवर्षी नवोदित खेळाडूंना पाळीपाळीने निवडतात, त्या निवडीत २००० साली २०५व्या क्रमांकावर निवड झाली. पुढे न्यूयॉर्क रेंजर्स या संघाकडून त्यांनी ४५९ सामने जिंकले. टिम थॉमस तर १९९४ मध्ये २१७व्या क्रमांकावर निवडले गेले, फिनलंडमध्ये आणि दुय्यम साखळ्यांत खेळत राहिले, आणि २०११ मध्ये वयाच्या ३७व्या वर्षी बॉस्टनच्या संघाला एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली चषक मिळवून देताना अंतिम टप्प्याचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. चौदाव्या-पंधराव्या वर्षी निवड हुकली म्हणून मुलांना खेळ सोडायला लावणाऱ्या पालकांनी ही दोन नावे लक्षात ठेवावीत.

कॅनडातील केरी प्राइस यांची कहाणी आपल्या भागातील पालकांना अधिक जवळची वाटेल. ते अनाहिम लेक या दुर्गम वस्तीत वाढले. संघटित हॉकी खेळायची तर एका बाजूने ३०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून विल्यम्स लेकला जावे लागे. ही पायपीट परवडेना, तेव्हा स्वतः गोलरक्षक राहिलेल्या वडिलांनी एक लहान विमान घेतले आणि मुलाला सरावाला नेऊ लागले. हाच मुलगा पुढे मॉन्ट्रियल कॅनेडियन्सकडून ३६१ सामने जिंकून त्या संघाचा सर्वाधिक विजय मिळवणारा गोलरक्षक झाला. २०१५ मध्ये ते साखळीतील सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरले आणि २०१८ पासून आठ वर्षांसाठी त्यांना ८ कोटी ४० लाख डॉलरचा करार मिळाला. परंतु गुडघ्याने साथ दिली नाही. २०२१-२२च्या हंगामात ते केवळ पाच सामने खेळू शकले आणि चौतिसाव्या वर्षानंतर पुन्हा बर्फावर उतरले नाहीत. गुडघे आत वळवून दोन्ही पॅड बर्फावर आडवे टेकवण्याची ‘बटरफ्लाय’ पद्धत आज सर्वत्र रूढ आहे. ती सरावात आणि सामन्यांत असंख्य वेळा करावी लागते आणि तिचा भार कंबरेच्या सांध्यांवर व गुडघ्यांवर पडतो.

प्रश्न : पक तोंडावर लागण्याची भीती या खेळाडूंना वाटत नाही का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वाटते, आणि ती खोटी नाही. एनएचएलमधील गोलरक्षक ग्लेन हॉल यांनी १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ सामने चेहऱ्यावर काहीही न लावता पूर्ण खेळले. सामन्यापूर्वी त्यांना उलटी होत असे, तरी ते खेळायला उतरत. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेट यांचा फटका मॉन्ट्रियलचे गोलरक्षक जॅक प्लांट यांच्या चेहऱ्यावर बसला. जखमेला टाके घातल्यावर त्यांनी प्रशिक्षक टो ब्लेक यांना स्पष्ट सांगितले की, मुखवटा लावू दिला तरच परत खेळेन. मुखवट्यामुळे नजर अडते, असे ब्लेक यांचे मत होते. पण त्या काळी संघासोबत दुसरा गोलरक्षक नसे, त्यामुळे त्यांना मान्य करावे लागले. मॉन्ट्रियलने तो सामना ३-१ असा जिंकला आणि मुखवटा कायमचा रुजला. प्लांट यांना त्या काळी भित्रा म्हणणारेही होते. माझ्या मते त्या संध्याकाळी त्यांनी दाखवलेले धैर्य हॉल यांच्यापेक्षा तसूभरही कमी नव्हते.

प्रश्न : एका सामन्यात बाहेरच्या माणसाला गोलरक्षक म्हणून उतरवले होते, हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, धाराशिव

उत्तर : खरे आहे. दोन्ही गोलरक्षक जखमी झाल्यास कोणत्याही संघाला उपलब्ध असावा, म्हणून यजमान मैदानावर एक राखीव हौशी गोलरक्षक ठेवला जाई. २२ फेब्रुवारी २०२० रोजी टोरांटोत एनएचएलमधील कॅरोलायनाच्या संघावर ही वेळ आली आणि बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र चालवण्याचे काम केलेले ४२ वर्षांचे डेव्हिड एअर्स उतरले. त्यांची मूत्रपिंड प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली होती. पहिले दोन फटके जाळीत गेले. पुढचे आठही त्यांनी अडवले आणि कॅरोलायना ६-३ ने जिंकले.

प्रश्न : जालन्यासारख्या ठिकाणी राहून आइस हॉकी शिकता येईल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : बर्फावरची हॉकी मराठवाड्यात शिकता येणार नाही. भारतात हा खेळ प्रामुख्याने लडाखमध्ये, डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात गोठलेल्या तळ्यांवर आणि रिंकवर, म्हणजे तयार केलेल्या बर्फाच्या मैदानावर, खेळला जातो. देहरादूनलाही मोठे बंदिस्त रिंक आहे. २०२५ मध्ये आशिया चषकात कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघात बहुतांश मुली लडाखच्याच होत्या. येथे करता येण्याजोगे म्हणजे रोलर स्केटिंगचा वर्ग लावून तोल, थांबणे आणि बाजूला सरकणे पक्के करणे, आणि सोबत मैदानी हॉकीत गोलरक्षण करणे. पुरेसा सराव झाल्यावर हिवाळ्यात लेहला प्रशिक्षण शिबिर असल्यास त्याची चौकशी करावी. तिथल्या उंचीवर पहिले दोन-तीन दिवस केवळ विश्रांतीसाठी राखून ठेवावेत.