बाबांना लिव्हर सिरॉसिस आहे, एमआरआयमध्ये मेंदूत पांढरं दिसलंय. मेंदू कायमचा खराब झाला का?

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, सिरॉसिसच्या रुग्णांचे असे एमआरआय नेहमी बघते. तुम्ही रिपोर्टमधली ओळ दिली आहे: टी-वनमध्ये दोन्ही बाजूंच्या ग्लोबस पॅलिडसमध्ये सिग्नल वाढलेला, डिफ्युजन नॉर्मल. टी-वन, टी-टू, डिफ्युजन ही एमआरआयची वेगवेगळ्या प्रकारची चित्रं; ग्लोबस पॅलिडस हा मेंदूच्या आत खोलवरचा भाग, आणि सिग्नल वाढलेला म्हणजे तो जास्त पांढरा दिसतो. एवढ्यावरून मेंदू कायमचा गेला असं मुळीच म्हणता येत नाही.

ते पांढरं म्हणजे मुख्यतः मँगनीज. धान्य, डाळी, चहा यांतून हा धातू रोज आपल्या पोटात जातो आणि यकृत तो पित्तावाटे बाहेर काढतं. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, आतड्यातलं बरंचसं रक्त त्याला वळसा घालून परस्पर पुढे जातं आणि मँगनीज मेंदूच्या आतल्या भागात साचत राहतो. टी-वनवर तो चमकतो. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखेच दोन पांढरे पट्टे दिसतात, टी-टूवर मात्र तीच जागा बहुधा नेहमीसारखी असते. सिरॉसिसच्या पुष्कळ रुग्णांत हे सापडतं, अगदी घरचा सगळा हिशेब चोख ठेवणाऱ्यांतसुद्धा. पांढरेपणा किती, यावर रुग्णाच्या डोक्यात गोंधळ किती होणार हे ठरत नाही. यकृत प्रत्यारोपण यशस्वी झालं की काही महिन्यांत, कधी वर्षभरात, तो ओसरतो.

तुम्ही लिहिलंय की बाबा दिवसा झोपतात, रात्री टक्क जागे असतात आणि सही वेडीवाकडी येते. यामागे बहुतेक अमोनिया आहे. आतड्यात तयार होणाऱ्या अमोनियाचं युरिया करण्याचं काम यकृताचं. ते जमेनासं झालं की अमोनिया मेंदूत पोचतो, तिथल्या अॅस्ट्रोसाइट (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशी त्याचं ग्लुटामिन करतात आणि त्या पायी स्वतः फुगतात. साध्या एमआरआयवर हे सहसा दिसत नाही. म्हणून फिल्मपेक्षा माणसाकडे बघा. बाबांना दोन्ही हात पुढे करून, पंजे वर वळवून, बोटं पसरून धरायला सांगा. पंजे मध्येच गळून पुन्हा वर येत असतील तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

या गोंधळाला बहुतेक वेळा काहीतरी निमित्त असतं: बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, पोटात रक्तस्राव (शौचाला काळं होणं), लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आणि क्षार कमी होणं, झोपेची गोळी. निमित्त सापडून उपचार झाले की माणूस बऱ्याचदा पुष्कळ सावरतो. लॅक्टुलोज (पोट साफ ठेवणारं औषध) दिलं असेल तर दिवसाला 2-3 वेळा मऊ शौचाला होईल इतकं लागतं. जुलाब होईस्तोवर देऊ नका, पाणी कमी पडून गोंधळ उलट वाढतो. आणि कुणाच्या सांगण्यावरून डाळ, दूध, दही बंद केलं असेल तर डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. प्रथिनं तोडली की स्नायू झडतात, आणि अमोनिया निस्तरायला स्नायूही मदत करतात. हा जुना सल्ला अजून इतक्या घरांत पाळला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

टिकून राहणारी इजाही असते, ते लपवत नाही. अमोनिया एकदम खूप चढला तर इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्स हे मेंदूच्या बाहेरच्या थराचे भाग डिफ्युजनवर उजळतात. तेव्हा आम्हाला खरी काळजी वाटते, तरी त्यातूनही काही जण सावरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये डिफ्युजन नॉर्मल आहे, ही चांगली गोष्ट. दुसरा प्रकार सावकाश येतो: चाल मंदावते, तोल जातो, हात कापतात, चेहरा निर्विकार होतो, आणि अमोनिया उतरला तरी हे हटत नाही. तसं वाटलं तर बाबा चालताना आणि शर्टाची बटणं लावताना व्हिडिओ काढून न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

बाबा पडले, डोक्याला लागलं आणि नंतर गुंगी आली, तर 'यकृताचंच असेल' म्हणून थांबू नका. सिरॉसिसमध्ये प्लेटलेट बऱ्याचदा कमी असतात, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. लगेच सीटी स्कॅन करून घ्या.