ॲलन रिकमनने डिझाइन सोडलं, पण केव्हा?

साताऱ्याहून एका आईचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं: "माझा मुलगा पुण्यात उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, वय २१. दिवाळीला घरी आला आणि म्हणाला, कॉलेज सोडतो, मुंबईला जाऊन ॲक्टर होतो. अंधेरीत तीन महिन्यांचा कोर्स आहे, फी दीड लाख. 'हॅरी पॉटर'मध्ये स्नेप झालेला ॲलन रिकमनसुद्धा आधी ग्राफिक डिझायनर होता, त्याने ते सोडलं म्हणून एवढा मोठा झाला, असं त्याचं म्हणणं. ह्यांची एसटीत नोकरी. त्यांनी मुलाशी बोलणं टाकलंय. माझ्या नावावर एक एफडी आहे. ती मोडून त्याला पैसे द्यावेत का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

एफडी मोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. मुलाला नट होऊ देऊ नका, असं मात्र मी म्हणत नाही. त्याने दाखला चांगला निवडलाय. फक्त डिझाइन सोडणं आणि पहिला सिनेमा यांच्या मधली सोळा वर्षं तो गाळून बसलाय, आणि त्याला हवं ते सगळं नेमकं त्या सोळा वर्षांत आहे.

रिकमनचा जन्म १९४६ चा, पश्चिम लंडनमधल्या ॲक्टनचा. घर कामगाराचं. वडील कारखान्यात, पुढे घरं रंगवण्याच्या कामावर. तो आठ वर्षांचा असताना ते गेले आणि आईने चार मुलं बहुतांशी एकटीनेच वाढवली. शिष्यवृत्तीवर चांगली शाळा मिळाली, शाळेत नाटकं केली. तरी अठराव्या वर्षी नाट्यशाळेत जाणं त्याला शहाणपणाचं वाटलं नाही. त्याने चेल्सीच्या आर्ट स्कूलला प्रवेश घेतला आणि तिथलं शिक्षण पूर्ण केलं. मग रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये पुढचं शिक्षण. त्यानंतर मित्रांबरोबर 'ग्राफिटी' नावाचा डिझाइन स्टुडिओ काढला, आणि तो काही वर्षं चालवलासुद्धा. या सगळ्या काळात हौशी नाटक चालूच होतं. मग १९७२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्याने रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टला पत्र लिहिलं, ऑडिशन दिली आणि निवड झाल्यावर विद्यार्थी म्हणून पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन बसला.

म्हणजे त्याने सोडला तो चालू धंदा. शिक्षण कुठेही अर्धवट टाकलं नाही. तुमच्या मुलाला हा फरक आपणहून दिसला असता, तर त्याने हे उदाहरण तुमच्यापुढे ठेवलं नसतं.

अकादमीत शिकताना खर्च भागवायला तो ड्रेसर म्हणून काम करायचा. ड्रेसर म्हणजे विंगेत कपडे घेऊन उभा राहणारा माणूस. नट एका प्रवेशातून धापा टाकत बाहेर येतो, पुढच्या एंट्रीला काही क्षण असतात, तेवढ्यात कोट उतरवायचा, दुसरा चढवायचा, बटणं लावायची आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. राल्फ रिचर्डसन आणि नायजेल हॉथॉर्न यांच्यासाठी त्याने हे काम केलं. राल्फ रिचर्डसन म्हणजे तिकडच्या रंगभूमीवरचं केवढं मोठं नाव! असा नट आत कसा असतो आणि प्रकाशात पाऊल टाकताना कसा बदलतो, हे रोज हातभर अंतरावरून बघायला मिळणं, आणि वर त्याचेच पैसे मिळणं! मला विचाराल तर या माणसाच्या शिक्षणातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. चिरंजीवांना विचारा, पुण्यात एखाद्या नाटकाच्या बॅकस्टेजला उभं राहायची तयारी आहे का? दौऱ्यावर सेट लावायला, इस्त्री करायला, नाटकातलं सामान सांभाळायला? उत्तर ऐकताना चेहऱ्याकडे बघा.

अकादमीतून बाहेर पडल्यावरही सिनेमा नव्हताच. गावोगावच्या रेपर्टरी थिएटरांमध्ये, म्हणजे पगारी नटसंच ठेवून एकामागून एक नाटकं करणाऱ्या थिएटरांमध्ये, कामं केली. रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला, तिथून बाहेर पडला, पुन्हा गेला. १९८२ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेतल्या कावेबाज पाद्र्यामुळे ब्रिटनमधले लोक त्याला ओळखायला लागले. १९८५ मध्ये शेक्सपिअर कंपनीच्या एका फ्रेंच कथेवरच्या नाटकात त्याने व्हॅलमाँची भूमिका केली, ती गाजली. नाटक न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर गेलं, टोनी या तिकडच्या मोठ्या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे त्याच कथेवर हॉलिवूडचा सिनेमा निघाला तेव्हा ती भूमिका दुसऱ्याच नटाला गेली! पण ब्रॉडवेवरचं काम बघून त्याला 'डाय हार्ड'साठी बोलावणं आलं. १९८८ चा हा त्याचा पहिला चित्रपट. वय ४२.

त्याच चित्रपटातली एक गोष्ट तुमच्या मुलाने नक्की ऐकावी, कारण ती त्याच्या विषयाची आहे. रिकमनची भूमिका दहशतवाद्यांच्या म्होरक्याची. असा माणूस म्हटलं की लढाऊ वेश, तसंच ठरत होतं. रिकमनने निर्मात्याला चिठ्ठी ठेवून सुचवलं की या माणसाला सूट घाला, म्हणजे वेळ पडली तर तो ओलिसांपैकीच एक असल्याची बतावणी करू शकेल. सूट आला, आणि पुढे नायक आणि खलनायक समोरासमोर येतात तेव्हा खलनायक घाबरलेला अमेरिकन कर्मचारी बनतो, तो प्रवेशही आला. कपड्यावरून माणूस काय वाचला जातो, हे डिझाइन शिकलेल्या डोळ्याला चटकन कळतं. त्यामुळे डिझाइनची वर्षं वाया गेली, असं रिकमनच्या बाबतीत तरी म्हणता येत नाही.

पुढचं तुमच्या घरी पाठ असेलच. १९९१ च्या रॉबिन हूडवरच्या चित्रपटासाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार, रास्पुतिनच्या भूमिकेसाठी एमी हा अमेरिकन टीव्ही पुरस्कार, २००१ ते २०११ या काळात आठ चित्रपटांत स्नेप, दोन चित्रपटांचं दिग्दर्शन. ऑस्करचं नामांकन मात्र एकदाही नाही. १४ जानेवारी २०१६ रोजी, ६९ व्या वर्षी, कर्करोगाने गेला.

आता मुलाला एकच प्रश्न विचारा. समजा, 'डाय हार्ड' आलाच नसता. मग रिकमन कोण असता? रंगभूमीवर मानाने काम करणारा, मधूनच मालिकेत दिसणारा, भाड्याचा हिशोब बघून चालणारा एक चांगला नट. त्याच्याबरोबर अकादमीत आणि रेपर्टरीत असलेल्या बहुतेकांचं आयुष्य असंच गेलं असणार. त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. हे आयुष्य तुमच्या मुलाला चालेल का? "चालेल" असं मनापासून म्हणाला, तर तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहा. स्नेपच व्हायचं असेल, तर त्यासाठी कुठलाच कोर्स नाही.

परिस्थितीतला फरकही लक्षात घ्या. त्या काळात ब्रिटनमध्ये गावोगावची थिएटरं सरकारी अनुदानावर उभी होती. नव्या नटाला पगारावर शिकायला जागा होती. आपल्याकडे गावोगाव ती सोय नाही. आपल्याकडे आहे ती प्रायोगिक आणि हौशी रंगभूमी, जिथे पैसे मिळत नाहीत पण हात साफ होतो. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. डॉक्टरकी करता करता नाटक करत राहिले आणि १९६९ मध्ये पूर्णवेळ नट झाले, तेव्हा तेही चाळिशी ओलांडलेले होते.

ताई, तुमच्या पत्रात मुलाने केलेल्या एकाही नाटकाचा उल्लेख नाही. लिहायचं राहिलं असेल तर उत्तम. पण खरंच केलं नसेल, तर पुण्यात राहून, पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडकासारख्या कॉलेजांच्या स्पर्धांच्या गावात चौथ्या वर्षापर्यंत रंगमंचावर न चढलेला मुलगा दीड लाख भरून अंधेरीला कशासाठी जातोय? अशा छोट्या कोर्सांतून कॅमेऱ्यासमोर उभं राहायची भीड चेपते, फोटो आणि शोरील, म्हणजे आपल्या अभिनयाची छोटी चित्रफीत, हातात येतं. त्यापुढे फार काही नाही. "शेवटी कास्टिंगवाल्यांना भेटवतो" हे आमिष असतं. ऑडिशनसाठी खरा कास्टिंगवाला पैसे घेत नाही.

आणि ही गोष्ट तर त्याच्या कानावर नक्की घाला: दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या अभिनयाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात किंवा मुंबई विद्यापीठात नाट्यशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं, तरी पदवी लागते. राष्ट्रीय नाट्य विद्यालय तर वर किमान सहा नाटकांचा अनुभव मागतं, आणि तिथे वयाचीही मर्यादा आहे. प्रत्येक वर्षीची जाहिरात वाचून अटी ताज्या करून घ्याव्यात. पण आज कॉलेज सोडलं तर यातले सगळे दरवाजे तो स्वतःच्या हाताने लावून घेईल, तेही परीक्षा काही महिन्यांवर असताना.

तेव्हा माझं म्हणणं असं. परीक्षा द्यावी. आत्तापासूनच एखाद्या नाट्यसंस्थेत जावं, मिळेल ते काम करावं. पोस्टर करायला तर त्याला हसत घेतील. निकालानंतर एक वर्ष डिझाइनची कामं घेत पुण्यातच नाटक करावं आणि प्रवेश परीक्षांना बसावं. नटाला दुपारची ऑडिशन आली तर जाता येईल असं पोटापाण्याचं काम लागतं, आणि लोगो, पॅकेजिंग, सोशल मीडियाची कामं रात्री बसून करता येतात. मुंबईत धडपडणाऱ्या कितीतरी पोरांकडे एवढंही नसतं. एफडीला हात लावायचाच असेल तर त्या वर्षाच्या शेवटी, प्रवेश हातात असेल तेव्हा, वसतिगृहाच्या खर्चापुरता लावा.

राहता राहिले त्याचे बाबा. त्यांचा राग नाटकावर आहे असं मला वाटत नाही, अर्ध्यावर सोडण्यावर आहे. चिरंजीवांनी "पदवी पूर्ण करतोय" हे वाक्य तुमच्यामार्फत न धाडता स्वतः फोन करून त्यांना सांगावं. अंधेरीवाल्यांना टोकन दिलं असेल तर आजच ईमेल करून लेखी परत मागा, आणि पावती जपून ठेवा.