वाचकांचे प्रश्न : बहिष्कार टाकावा की नाही?

प्रश्न : आम्ही वर्षानुवर्षं वापरतो त्या साबणाच्या कंपनीने, मला अजिबात न पटणाऱ्या एका सामाजिक मोहिमेला देणगी दिल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं. मुलगी म्हणते, आजपासून हा साबण बंद. पण एका घराने साबण बदलून काय होणार?

उत्तर : पैसे नेमके कोणी दिले, ते आधी शोधा. कंपनीने, तिच्या धर्मादाय संस्थेने, मालकाने स्वतःच्या खिशातून, की कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून? बातमीत चारही वेळा नाव कंपनीचंच येतं. वार्षिक अहवाल बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात रक्कम आणि वर्ष पाहा. फिरत आलेला मजकूर कधी कधी जुना असतो आणि मधल्या काळात धोरण बदललेलं असतं.

खात्री पटली, की एक वाक्य लिहून काढा : ‘कंपनीने अमुक केलं, की मी पुन्हा घेईन.’ आमच्या मते सगळी मेख इथेच आहे. नेस्लेवर १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला तो गरीब देशांत बाळांच्या दूध पावडरीचा ज्या पद्धतीने प्रचार होत होता, त्याविरुद्ध. १९८१ मध्ये अशा प्रचाराला आळा घालणारी जागतिक आरोग्य संघटनेची संहिता, म्हणजे नियमावली, आली, ती पाळायचं कंपनीने कबूल केल्यावर १९८४ मध्ये बहिष्कार थांबला. संहिता पाळली जात नाही, असं म्हणत १९८८ मध्ये तो पुन्हा पुकारला गेला. मागणी स्पष्ट होती, म्हणून थांबवताही आला आणि पुन्हा सुरूही करता आला.

आता तुमच्या एका घराचं. विक्रीच्या आकड्यांत ते दिसणार नाही, हे खरंच. गुपचूप साबण बदललात, तर वास आवडला नसेल, असंच कंपनी धरून चालेल. म्हणून ग्राहक विभागाला पाच ओळी लिहा : कोणता साबण, किती वर्षं वापरला, कोणता निर्णय खटकला, कधीपासून बंद केला, काय केल्यास परत घ्याल. नावाला बट्टा लागण्याची धास्ती कंपन्यांना असते, त्यामुळे अशी पत्रं साठली की दखल घ्यावी लागते.

नवा साबण घेताना वेष्टन उलटून बारीक अक्षरं वाचा. शेजारी मांडलेले दोन ब्रँड पुष्कळदा एकाच कंपनीचे निघतात. घरातल्या वड्या मात्र संपवा, त्यांचे पैसे केव्हाच पोचलेत.

प्रश्न : माझी यादी वीस कंपन्यांवर गेली आहे. पाळणं जमत नाही.

उत्तर : दोन-तीनच ठेवा, ज्यांना सहज पर्याय आहे अशा. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय नागरिकांनी वर्णभेदाविरुद्ध बसवर टाकलेला बहिष्कार ३८१ दिवस टिकला, कारण लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी खासगी गाड्यांची सोय लावली होती. पर्याय नसलेलं औषध यादीत असेल, तर ते आजच काढा.