नोटिशीआधी एक-चौदाचा उतारा काढा
गोव्यात बँकेच्या कर्जाचा हप्ता 90 दिवस थकून खातं एनपीए (अनुत्पादक, म्हणजे थकीत) झालं की लगेच नोटिशीची घाई नको. आधी एक-चौदाचा उतारा (सातबारासारखा गोव्यातला जमिनीचा सरकारी उतारा) काढा; गहाण जमीन शेतीची निघाली तर 2002चा सरफेसी कायदा (बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण मिळकत ताब्यात घेऊ देणारा) चालत नाही, वसुलीचा दावाच लावावा लागतो. गहाणखतावर नवरा-बायको दोघांच्या सह्या हव्यातच. गोव्यात मिळकत बहुधा दोघांची असते, एक सही नसली की प्रकरण तिथेच अडकतं. मग सरफेसीच्या कलम 13(2)ची 60 दिवसांची नोटीस, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवून. कर्जदाराने हरकत घेतली तर 15 दिवसांत लेखी, कारणांसह उत्तर द्या. इथेच चांगली प्रकरणं बुडतात. ताबा अडवला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 14चा अर्ज: उत्तर गोवा जिल्ह्यासाठी पणजी, दक्षिण गोवा जिल्ह्यासाठी मडगाव. राहतं घर असेल तर आधी तडजोडीचं जरूर बोला.