नाणेसंग्राहकांच्या आमच्या ऑनलाइन समूहात आता कुणीच बोलत नाही. पुन्हा जान कशी आणावी?

तुम्ही लिहिलंय की समूहात चारशे जण आहेत, पण 'सुप्रभात' आणि विक्रीचे फोटो सोडले तर शुकशुकाट असतो. स्पर्धा ठेवावी का, असंही विचारलंय. स्पर्धा राहू द्या. आधी जुने संदेश चाळून बघा, 'कॉमन' हा शब्द किती वेळा आलाय ते. आमचा समूह त्या एका शब्दाने बसला आणि मी तेव्हा त्याचा ॲडमिन होतो, म्हणून हे लिहितोय.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दिवेआगरपासून आमच्या दापोलीपर्यंत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडून कुठच्या कुठे गेले. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी हर्णैकडच्या एका वाडीतल्या अकरावीतल्या मुलाने समूहात फोटो टाकला. मधोमध भोक असलेले नऊ पैसे, त्यातल्या दोघांत गंजलेला खिळा अजून अडकलेला. खाली एवढंच लिहिलेलं, "आमच्या पडवीच्या पत्र्याखाली निघाले. हे काय आहे?"

आमच्यातल्या एका ज्येष्ठ संग्राहकाने उत्तर दिलं, "भोकाचा पैसा. कॉमन. हे तर खराब झालेत, भंगारात घाला." त्यावर चार अंगठे आले. संध्याकाळी तो मुलगा समूह सोडून गेला. मी सगळं वाचलं होतं, पण ज्येष्ठांना कशाला दुखवा म्हणून गप्प बसलो. त्याची रुखरुख अजून जात नाही.

पाऊस सरल्यावर त्याचं घर शोधत गेलो. त्याची आजी पडवीत सोलं वाळत घालत होती. तिने सांगितलं, पडवी तिच्या सासऱ्यांनी बांधली, स्वातंत्र्यानंतर एक-दोन वर्षांनी. पत्रे मुंबईहून आगबोटीने आले, खिळे आले, पण वायसर काही मिळेनात. "सासरे म्हणाले, सरकारनंच भोक पाडून दिलंय, वापरा की!" मग घरातले भोकाचे पैसे जमवून एकेका खिळ्याखाली एकेक घातला. सत्तर वर्षं त्यांनी पत्रा धरून ठेवला, तो त्या वादळापर्यंत.

आता सांगा, यात कॉमन काय आहे? हे पैसे 1943 ते 1947 या काळात पाडले गेले. महायुद्धामुळे धातूची ओढाताण होती, मधला तुकडा काढला की तेवढी बचत. त्यावर राजाचं डोकं नाही, नुसता मुकुट आहे, कारण डोक्याच्या जागी भोक! त्याच ओढाताणीत 1940 मध्ये रुपयातली चांदी जवळजवळ ब्याण्णव टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर आली आणि 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. हे सगळं त्या मुलाला त्या दिवशी दहा ओळींत सांगता आलं असतं. आमच्यापैकी निदान वीस जणांना ते ठाऊक होतं.

त्या ज्येष्ठांशी माझा वाद तेव्हापासून आहे. त्यांचं म्हणणं, समूह जाणकारांचा असावा, शिकवण्या घ्यायला आपण बसलेलो नाही. त्यांचा अभ्यास मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण ज्या शिवराई नाण्यांवर त्यांचा जीव आहे, ती शिवराई तरी काय होती? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', आणि तांब्याची, बाजारहाटाची. पेशवाईतही शिवराया पाडल्या जात होत्या. मिठामिरचीला हातोहात फिरलेलं नाणं ते. त्या काळी कुणी 'कॉमन' म्हणून सगळ्याच वितळवून टाकल्या असत्या तर आज त्यांच्या हाती काय लागलं असतं?

म्हणून तुमच्या समूहात एक नियम करा, नव्या माणसाला पहिलं उत्तर किमतीचं द्यायचं नाही. आधी विचारायचं, कुठे मिळालं, कुणाकडे होतं, घरात कशाला वापरायचे. कोकणातल्या घरांत नाणी देव्हाऱ्यात आहेत, फडताळात आहेत, आजीच्या बटव्यात आहेत. राणीछाप रुपया तोळ्याच्या वजनाचा, म्हणून सोनं तोलायलाही लोकांनी जपून ठेवलेला. माणसं याबद्दल भरभरून बोलतात, फक्त कुणी विचारलं पाहिजे. खिशातल्या नाण्यांपासूनही सुरुवात होते. सालाखाली पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण असेल तर मुंबईची टांकसाळ, तारा असेल तर हैदराबादची, ठिपका असेल तर नोएडाची, काहीच नसेल तर कोलकात्याची. एवढं सांगितलं की शाळेतली पोरं घरातले डबे पालथे घालतात, हे मी माझ्या भाचीकडे बघितलंय.

आणि 'वैष्णोदेवीचं नाणं लाखाला' असले संदेश दिसताक्षणी काढून टाका. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं, की जुनी नाणी-नोटांच्या व्यवहारात तिचं नाव वापरून शुल्क आणि कमिशन मागितलं जातंय. मारुतीची किंवा रामदरबाराची छाप असलेली 'ईस्ट इंडिया कंपनी 1818' वाली नाणीही खोटी, कंपनीने ती कधी पाडलीच नाहीत. हे मात्र न चिडता सांगा, दाखवणाऱ्याने बहुतेक वेळा ते श्रद्धेने जपलेलं असतं.

तीन गोष्टी राहिल्या. आमसूल किंवा चिंच लावून नाणं घासू नका, हे पहिल्याच दिवशी सांगा, आपल्याकडे तांब्याची भांडी तशीच घासतात म्हणून नाण्यांवरही तोच हात चालतो. आणि जमिनीत पुरलेलं काही सापडलं असेल तर फोटो टाकण्याआधी 1878 चा निखात निधी कायदा वाचा, ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. महागडं नाणं दाखवताना गावाचं नावही लिहायला लावू नका.

तो मुलगा समूहात परत आला नाही. आजीने मला त्यातला एक पैसा दिला, खिळ्यासकट. त्याचा फोटो हवा असेल तर पाठवतो, तुमच्याकडे पहिला तोच टाका.