गट सुरू झाला, आता बोलतं कोणी नाही

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या मित्रांनी मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा कोड कोणीही पाहू, बदलू आणि वाटू शकतो त्याची) आवड असणाऱ्यांचा एक ऑनलाइन गट काढला. मिरज, इस्लामपूर, कोल्हापूर, कुठून कुठून लोक आले, सदस्य शंभराच्या वर गेले. पहिले काही आठवडे खूप उत्साह होता. आता तीन-चार जणच बोलतात. नवीन कोणी काही विचारलं की ‘आधी गुगल कर’ असं उत्तर मिळतं आणि तो माणूस पुन्हा दिसत नाही. दुसऱ्या ॲपवर जावं का? सदस्य कसे वाढवावेत?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : सदस्य वाढवायचं आणि ॲप बदलायचं, दोन्ही सध्या बाजूला ठेवा. दुखणं कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय : विचारणारा पुन्हा दिसत नाही.

‘डेबियन टाकलं, पण वाय-फाय दिसत नाही.’ डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कुठल्याही गटात हा प्रश्न येतोच. एक जण सांगतो, गुगल कर. दुसरा सांगतो, ज्या वाय-फाय कार्डाचं फर्मवेअर (कार्ड चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) मुक्त नाही ते कार्ड वापरूच नये. तिसरी विचारते, ‘लॅपटॉप कोणता? डेबियनची कितवी आवृत्ती? फोन केबलने जोडून नेट मिळतंय का बघ, तोवर मी शोधते.’ गट उभा राहतो तो या तिसरीमुळे. दुसऱ्याचं तत्त्व मला मनापासून पटतं, मीही तेच मानते. पण परीक्षा तोंडावर असताना ज्याचं नेट बंद पडलंय त्याला आधी नेट मिळवून द्यावं. तत्त्व ऐकायला तो नंतर नक्की थांबेल. डेबियनच्या लोकांनीही याच फर्मवेअरवर वर्षानुवर्षं वाद घातला, २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून अधिकृत इन्स्टॉलरमध्येच लागणारं फर्मवेअर द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ‘फर्मवेअर वेगळं उतरवून घ्या’ हे जुनं उत्तर आजच्या नवख्याला भलतीकडे नेतं. तुमच्या गटात जे उत्तर लिहाल त्याच्यावर तारीख आणि आवृत्ती टाकाच.

आठवड्याला दोघांची पाळी लावा. त्यांना सगळं यायला हवं असं अजिबात नाही. एकही प्रश्न दिवसभर उत्तराविना पडून राहू नये, एवढंच त्यांनी बघायचं. ‘मला माहीत नाही, विचारून सांगते’ हेही उत्तरच आहे. अडचण सुटली की ज्याने विचारलं त्यालाच म्हणायचं, आता काय काय केलंस ते ओळीने मराठीत लिही. ते लिखाण गटाबाहेरच्या माणसालाही शोधून सापडेल अशा उघड्या जागी ठेवा. गप्पांच्या ओघात दिलेलं उत्तर चार दिवसांत वर सरकून जातं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. जुनी माणसं कंटाळतात आणि मग ‘गुगल कर’ म्हणायला लागतात.

आता बाकीचे गप्प का, ते. त्यांच्या हाताला काम नाही. आवडीपोटी माणसं येतात, पण नुसत्या आवडीवर रोज काय बोलणार? २५ ऑगस्ट १९९१ला हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने मिनिक्स ही शिकण्यासाठीची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांना संदेश पाठवला तेव्हा ‘माझ्या गटात या’ असं म्हटलं नव्हतं. मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय (तीच पुढे लिनक्स झाली), मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही, असं त्याने विचारलं. पुढच्याच महिन्यात कोड बाहेर आला, लोकांनी तो चालवून पाहिला, दुरुस्त्या पाठवल्या. समुदाय त्या दुरुस्त्यांच्या देवाणघेवाणीतून झाला.

आपल्या जवळचं उदाहरण केरळचं. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’ने मलयाळमचे फाँट, टंकलेखनाच्या सोयी, सॉफ्टवेअरची भाषांतरं अशी कामं हातात घेतली. मीरा, रचना, मंजरी हे त्यांनी सांभाळलेले फाँट आज केरळात सर्रास दिसतात. विद्यार्थी येतात, शिकतात, नोकरीला लागतात, नवीन येतात, पण काम चालू राहतं म्हणून समुदायही चालू राहतो.

तुम्हाला मराठीत काम शोधायला लांब जायला नको. लिबरऑफिस हे लिखाणाचं मुक्त सॉफ्टवेअर उघडा, मजकुराची भाषा मराठी ठेवा आणि ‘लक्ष’, ‘शाळा’ टाइप करा. ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी? काही मुक्त फाँटमध्ये दोन्ही वळणं भरलेली असतात आणि भाषा मराठी ठेवली की आपलं वळण पुढे येतं, काहींत ही सोयच नसते. मग ‘दऱ्या’ लिहून बघा. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित कळपाटावर शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ या क्रमाने दाबलं की ऱ्य उमटायला हवा. लिनक्सवर, फोनवर, ब्राउझरमध्ये, सगळीकडे नीट दिसतो का? जिथे मोडतो तिथे फाँटचं नाव, आवृत्ती, काय टाइप केलं, काय दिसलं हे लिहून आणि चित्र जोडून त्या प्रकल्पाकडे तक्रार नोंदवायची. हे काम पहिल्या वर्षाच्या मुलालाही जमतं. त्याची तक्रार स्वीकारली गेली आणि पुढच्या आवृत्तीत अक्षर सुधारलं की तो गटात गप्प बसणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

एक विचारायचं राहिलं : गटात मुली किती, आणि त्यातल्या किती बोलतात? मुलीने प्रश्न टाकला की मदतीच्या नावाखाली तिला खाजगी संदेश सुरू होतात, हे मी फार पाहिलंय. विचारल्याशिवाय खाजगी संदेश पाठवायचा नाही, हा नियम आजच लिहून ठेवा आणि तो मोडणाऱ्याला बाहेर काढायची तयारी ठेवा, मग तो कितीही हुशार असो. संचालकांत किमान एक मुलगी असू द्या. डेबियनमध्येसुद्धा २००४ मध्ये बायकांसाठी वेगळा उपक्रम सुरू करावा लागला.

गटाच्या किल्ल्या एकाच्याच फोनमध्ये नकोत. मे २०२१ मध्ये फ्रीनोड या गप्पांच्या जुन्या जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला तेव्हा ते चालवणारे स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा.चॅट उभं केलं आणि अनेक प्रकल्प काही आठवड्यांत तिकडे गेले. जागा गेली तरी माणसं एकमेकांना धरून होती म्हणून ते जमलं. तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात, पुढच्या वर्षी नोकरीसाठी कुठे असाल कोण जाणे. आत्ताच दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोघांना सोबत घ्या.

प्रश्न : मी तालुक्याच्या ग्रंथालयात काम करते. कोड मला येत नाही. आमच्याकडे दोन अंध विद्यार्थी येतात. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांत माझ्यासारखीचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : उपयोग आहे, आणि सुरुवात त्या दोघांपासूनच करा. ग्रंथालयातल्या विंडोज संगणकावर एनव्हीडीए बसवून घ्या. पडद्यावरचं वाचून दाखवणारं हे मुक्त सॉफ्टवेअर मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात लिहायला घेतलं, मग जेम्स टेह हे त्यांचे तितकेच अंध मित्र येऊन मिळाले. त्याला पैसे पडत नाहीत. त्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजाला मराठी वाचता येतं.

आता त्या मुलांसोबत बसून ऐका. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतले च वेगळे लागतात का? ‘जाळं’ आणि ‘जीभ’ यांतले ज? जोडाक्षरं, आकडे, तारखा कशा वाचल्या जातात? जो शब्द चुकेल तो, कसा वाचला आणि कसा वाचायला हवा, असं वहीत टिपून ठेवा. ही यादी तयार करायला मराठी कान लागतो आणि तो उत्तम कोड लिहिणाऱ्या परदेशी माणसाकडे नसतो. यादी त्या मुलांच्या नावाने प्रकल्पाकडे पाठवायची. इंग्रजीत मांडायला अडचण आली तर मला लिहा, वरच्या पत्रातल्या सांगलीच्या मुलांशी तुमची गाठ घालून देते. त्यांना काम हवंच आहे.