रोटरी-लायन्ससारखे क्लब खरंच काम करतात की नुसते फोटो काढतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑफिसातले एक वरिष्ठ बरेच दिवस ‘आमच्या क्लबात या’ म्हणून मागे लागलेत, वर्षाची वर्गणी ऐकून तुम्हाला घाम फुटलाय, आणि मुंबईतले हे सेवा क्लब नक्की करतात काय ते त्यांच्या फेसबुकवरच्या फोटोंवरून कळत नाहीये. मी पूर्व उपनगरातल्या अशाच एका क्लबात बरीच वर्षं आहे. सेक्रेटरी झालो, खजिनदार झालो, प्रेसिडेंट व्हायचं मात्र शिताफीने टाळत आलोय. त्यामुळे आतलं ठाऊक आहे आणि कुणाची मर्जीही सांभाळायची नाही.

फोटो काढतात. खूप काढतात. कामही करतात. फोटोतली वस्तू पुढच्या वर्षी चालू होती का, एवढं मात्र तुम्ही विचारा.

त्याचं कारण या क्लबांच्या घडणीतच आहे. रोटरी असो की लायन्स, वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. त्या दिवशी प्रेसिडेंट बदलतो, बोर्ड बदलतं, अनेक क्लबांवर मिळून एक असतो तो डिस्ट्रिक्ट गव्हर्नरही बदलतो. आपल्याकडच्या कित्येक संस्थांत एकच गृहस्थ वीस-वीस वर्षं अध्यक्षपदी असतात आणि त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा येतो. तसं इथे होत नाही, हा फायदा फार मोठा. पण नव्या प्रेसिडेंटला ‘माझ्या वर्षात’ काहीतरी नवीन करून दाखवायचं असतं. गेल्या वर्षी दुसऱ्याने बसवलेल्या फिल्टरची कँडल बदलली, याचा बॅनर कोण छापणार?

आमच्या भागातल्या एका शाळेत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. जिन्याखाली एका क्लबाचा वॉटर प्युरिफायर, वर चकचकीत पाटी, नळ कोरडा. त्याच्या शेजारी दुसऱ्या क्लबाचा नवाकोरा प्युरिफायर, त्यालाही पाटी. पहिल्याचं काय बिघडलं म्हणून शिपायाला विचारलं तर म्हणाला, काही नाही, काडतूस संपलंय, एएमसीही (देखभालीचा वार्षिक करार) संपली. म्हणजे काही हजारांचं काम होतं आणि त्यासाठी नवं मशीन आलं! जिल्हा परिषदेच्या शाळांना दिलेल्या डिजिटल टीव्हींची गत कधीकधी याहून वाईट. विजेचं बिल थकतं, मीटर कापला जातो आणि टीव्ही मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद. मशीन देण्याआधी बिल कोण भरणार हे विचारणारा एक तरी कटकट्या माणूस ज्या क्लबात असतो, तो क्लब बरा समजा.

मुंबईचं आणि या मंडळींचं नातं जुनं आहे. रोटरीची सुरुवात १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने केली. मुंबईत क्लब आला १९२९ मध्ये. लायन्स १९१७ चं, तेही शिकागोचंच, आणि भारतातला त्यांचा पहिला क्लब १९५६ मध्ये इथे मुंबईतच निघाला. जायंट्स ही तिसरी सेवा संघटना तर अस्सल मुंबईकर : नाना चुडासामांनी १९७२ मध्ये ते इथेच सुरू केलं. मरीन ड्राइव्हवरचे त्यांचे खोचक बॅनर जुन्या लोकांना आठवत असतील. बायकांना मात्र या दोन्ही अमेरिकन संघटनांनी दारात बराच काळ उभं ठेवलं. लायन्सने १९८७ मध्ये आत घेतलं, रोटरीने १९८९ मध्ये. आमच्या क्लबात हिशेब चोख ठेवणारे आणि जुन्या प्रकल्पांवर खेप मारणारे सभासद मोजले तर त्यांत बायकाच जास्त भरतील.

आता कामं. सगळी सांगत बसत नाही. वह्यावाटप, ट्रॅफिक हवालदारांना रेनकोट, स्टेशनवर बाकडी, चौपाटीची सफाई हे तुम्ही पाहिलंच असेल. त्यात वाईट काही नाही आणि सांगण्यासारखंही फारसं नाही.

रक्तदानाचं वेगळं. शिबिर भरवणं सोपं आहे : हॉल, खाटा, बिस्किटं, रक्तपेढीची गाडी. पण लाल पेशी वापरल्या जातात फार तर ३५ ते ४२ दिवस आणि प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला आणि २६ जानेवारीला शहरभर एकदम शिबिरं होतात, रक्तपेढ्या भरून वाहतात. मग मे महिना उजाडतो. कॉलेजं बंद, निम्मी मुंबई कोकणात नाहीतर घाटावर, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्यांना मे महिन्याची सुट्टी नसते. दिवाळीतही तीच रड. तेव्हा क्लबाला विचारा, तुमचं शिबिर कोणत्या महिन्यात असतं? ‘मे’ असं उत्तर आलं तर त्या क्लबात कुणीतरी रक्तपेढीशी आधी बोललंय असं समजा. मेमध्ये दाते कमी येतात, आकडा लहान दिसतो, वरच्या अहवालात शोभत नाही. तरी जे करतात त्यांना मी मानतो.

डोळ्यांचं काम लायन्सवाल्यांचं खास. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात आंधळेपणाविरुद्ध उभं राहायचं आवाहन केलं, तेव्हापासून त्यांनी ते धरून ठेवलंय. पूर्वी शाळेच्या वर्गात टेबलं लावून मोतीबिंदू काढले जायचे; आता शिबिरात फक्त तपासणी करायची आणि ऑपरेशन नीट हॉस्पिटलातच, हा नियम आहे आणि तो असायलाच हवा. पण तपासणीला ज्या आजी रांगेत बसतात, त्यांना ऑपरेशनच्या दिवशी हॉस्पिटलात नेणारं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला नेणारं आणि महिना-दीड महिन्याने चष्म्याचा नंबर काढायला पुन्हा नेणारं कोण? मुलगा कामावर, सून कामावर. आमच्याकडे एक निवृत्त रेल्वेवाले सभासद आहेत, ते यादी घेऊन फोन करत बसतात आणि रिक्षा करून लोकांना नेतात. त्यांचा फोटो आजवर कुठल्या बुलेटिनमध्ये आलेला मला आठवत नाही.

हीच गोष्ट मुलींच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरच्या लसीची. देशात बनलेली सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये बाजारात आली आणि क्लबांना एक चांगलं काम मिळालं. तिच्या वेळापत्रकात ९ ते १४ वयाच्या मुलींना सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत. आता हिशेब करा : पहिला डोस फेब्रुवारी-मार्चमध्ये दिला, तर दुसरा पडतो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे दुसऱ्याच प्रेसिडेंटच्या राज्यात. त्याने बजेट काढलं नाही तर मुली लटकल्या. आमच्या बोर्डावर यावरून एकदा चांगलीच खडाजंगी झाली, आणि शेवटी दोन्ही डोसांचे पैसे आधीच ट्रस्टच्या खात्यात बाजूला काढल्याशिवाय पहिली सुई टोचायची नाही असं ठरलं. ठराव रुक्ष आहे, पण मला आमच्या क्लबाचा अभिमान वाटतो तो अशा ठरावांचा.

डायलिसिस केंद्रं मला म्हणूनच सगळ्यात पटतात. उपनगरांत अनेक क्लबांनी ट्रस्ट हॉस्पिटलांबरोबर ती उभी केलीत. (क्लबांचीच मक्तेदारी आहे असं नाही, लालबागच्या राजाचं मंडळही डायलिसिस केंद्र चालवतं.) पेशंटला आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनवर बसावंच लागतं. फीत कापून विसरून जायची सोयच नाही. सोमवारी मशीन बंद पडलं तर त्याच दिवशी दारात आरडाओरडा होतो. आणखी एक न दिसणारं काम इथे होतं. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या, असं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली बंधन आहे. बहुतेक गरजूंना हे माहीतच नसतं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, हॉस्पिटलातल्या समाजसेवकाची खोली, हा फेरा कुणीतरी सोबत फिरलं तर लाखाचं बिल वाचतं. त्यात क्लबाचा खर्च शून्य आणि फोटोही शून्य.

आणि मग ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. मुंबईच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं बरंचसं या तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं. तानसा तर १८९२ पासून आपल्याला पाजतंय. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. आम्ही सकाळी शॉवर घेतो ते पाणी त्यांच्या शेजारून पाइपातून येतं, हे एकदा तिथे उभं राहून पाहिलं की वर्गणीची कुरकुर जरा कमी होते. मुंबईतले पुष्कळ क्लब शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा इकडे बंधारे बांधतात. पक्का सिमेंटचा बंधारा महाग पडतो. त्यासाठी रोटरीत ग्लोबल ग्रँट, म्हणजे रोटरीचं मोठं अनुदान, काढतात. परदेशातला एक क्लब जोडीला लागतो, प्रकल्पाचं बजेट किमान ३०,००० डॉलर असावं लागतं, आणि पैसे संपल्यावर हे कोण सांभाळणार ते कागदावर लिहून द्यावं लागतं. ही शेवटची अट आमच्या लोकांना जाचक वाटते. मला उलट वाटतं, वह्यावाटप सोडून बाकी प्रत्येक प्रकल्पाला ती लावावी. पक्क्या बंधाऱ्यातही गाळ साठतो, पाणी अडवायच्या फळ्या चोरीला जातात, आणि दर उन्हाळ्यात गाळ काढला नाही तर काही वर्षांत तिथे क्रिकेट खेळता येईल.

वनराई बंधारा त्यापेक्षा गरिबाघरचा. पाऊस ओसरला की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओढा वाहता असतानाच, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि ओढ्यात आडवी रास रचायची. खर्च गोण्या, सुतळी आणि दुपारच्या जेवणाचा. पाणी अडतं, आजूबाजूच्या विहिरींना थोडं पाझरतं, भाजीपाल्याचं एक पीक निघतं, गुरांना प्यायला होतं. पुढच्या पावसाळ्यात सगळं वाहून जातं, म्हणून पुन्हा जावं लागतं. वर्षानुवर्षं त्याच पाड्यावर जाणारे क्लब मला माहीत आहेत. तिथली पोरं आता ओढा पाहून गोण्या किती लागतील ते स्वतःच सांगतात, आम्ही फक्त माती उचलतो. (पहिल्या तासात निम्म्या प्रेसिडेंटांची कंबर धरते, तो भाग वेगळा.)

मोठ्यात मोठं काम म्हणाल तर पोलिओ. रोटरीने १९८५ मध्ये ते हाती घेतलं, आपल्याकडे पल्स पोलिओ १९९५ पासून. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. खरे कष्ट अंगणवाडी सेविकांचे आणि पालिकेच्या आरोग्य सेविकांचे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आमचे लोक बूथवर बसायचे, पोरांना शिट्ट्या वाटायचे, लांब पल्ल्याच्या गाड्यांतून उतरणाऱ्या आयांना समजवायचे, पैसा गोळा करायचे. पण तेवढं तरी इतकी वर्षं टिकलं कसं? पोलिओ कुण्या एका प्रेसिडेंटचा नव्हता. आवडो न आवडो, दर वर्षीच्या माणसाला ते पुढे न्यावंच लागलं.

वर्गणी जेवणावळींत जाते का, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच : हो, जेवतात, आणि फेलोशिपच्या नावाखाली पार्ट्याही करतात. ते सभासदांच्या वर्गणीतून. लोकांकडून आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून (समाजकार्यासाठीच्या निधीतून) प्रकल्पासाठी आलेला पैसा वेगळ्या खात्यात, बहुधा क्लबाच्या नोंदणीकृत ट्रस्टमध्ये असला पाहिजे. दोन खाती वेगळी आहेत का, ट्रस्टचा ऑडिट झालेला ताळेबंद दाखवाल का, हे पाहुणा म्हणून गेलात तरी बेधडक विचारा. खजिनदार चिडला तर घरी या. वर्गणी दक्षिण मुंबईत भारी, उपनगरांत बेताची. शिवाय इन्स्टॉलेशन (नव्या प्रेसिडेंटचा पदग्रहण समारंभ), कॉन्फरन्स, कुणाच्या तरी षष्ट्यब्दीचा हार असे चिल्लर खर्च होत राहतात, ते आधी विचारून घ्या. तुम्ही तिशीच्या आतले असाल तर रोटरॅक्ट, म्हणजे रोटरीचे तरुणांचे क्लब, बघा. खर्च कमी, पोरं उत्साही, भाषणं आखूड.

आणि त्या वरिष्ठांना सांगा, सभासदत्वाचा फॉर्म नंतर, आधी तुमचा तीन वर्षांपूर्वीचा एखादा प्रकल्प दाखवा. जुलैत जाऊ नका, तेव्हा नुसते हारतुरे चालू असतात. दिवाळीच्या आगेमागे त्यांचा बंधाऱ्याचा रविवार असेल तर जा : जुने बूट, टोपी, पाण्याची बाटली, आणि सकाळची आसनगाव किंवा कसारा लोकल. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते मात्र आदल्या दिवशी बघून ठेवा.